गोल आहे, पण सरळ नाही

बारा चौकोन, तीन ओळींत चार-चार, आणि प्रत्येकात एकाच्या पोटात एक अशी रंगीत कडी. हे चित्र तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं आहेच. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, कॉफीच्या मगवर, उशीच्या अभ्र्यावर, नाहीतर शाळेतल्या बाईंनी ‘उद्या असं काढून आणा’ म्हणून सांगितलं तेव्हा. वासिली कांदिन्स्कीचं हे काम १९१३ सालचं. आणि गंमत म्हणजे ते ‘चित्र’ नव्हतंच! कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवला की काय होतं, हे बघायला त्याने केलेला तो अभ्यास. जलरंग, गॉश आणि खडू. कागद साधारण २४ बाय ३१ सेंटीमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाहून जेमतेम मोठा. पोस्टरवाल्यांनी त्याला फुगवून दिवाणखान्याएवढं केलं.

तो कागद आपल्यापर्यंत पोचला तो एका बाईंमुळे. गाब्रिएले म्युंटर स्वतः चित्रकार, आणि त्या काळात कांदिन्स्कीची सहचरी. पुढे दोघं वेगळी झाली, पण त्याची शेकडो कामं तिच्याकडे राहिली. नाझी राजवटीत असली चित्रं बाळगणं म्हणजे आफत ओढवून घेणं. म्युंटरने ती मुर्नाऊमधल्या आपल्या घराच्या तळघरात लपवून ठेवली आणि १९५७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयाला देऊन टाकली.

पोस्टर सोडा आणि चांगली छपाई हाती लागली तर जरा जवळून बघा. एकही कडं धड गोल नाही. ओला रंग शेजारच्या ओल्या रंगात घुसलाय, कुठे ब्रश अर्ध्यावर उचललाय, कुठे कागद पांढराच राहिलाय. कंपासचा पत्ता नाही. वर्तुळं काढणाऱ्या अमूर्त चित्रकारांची सगळी मजा इथेच आहे. काय काढायचं हा प्रश्न त्यांनी पहिल्याच फटक्यात मिटवून टाकलेला असतो: गोल काढायचा. मग उरतात दोनच गोष्टी, रंग आणि हात. त्या दोन गोष्टींसाठी माणसांनी काय काय उद्योग केलेत, ते पुढे.

लाल गोल आणि पोप

आधी एक जुनी दंतकथा. पोपला चित्रकार हवा होता. त्याचा माणूस गावोगाव फिरून चित्रकारांकडून नमुने गोळा करत होता. जॉट्टोकडे आला तेव्हा जॉट्टोने कागद घेतला, ब्रश लाल रंगात बुडवला, कोपर बरगडीला चिकटवून हाताचाच कंपास केला आणि एका झटक्यात गोल काढून दिला. ‘एवढंच?’ म्हणाला दूत. त्याला वाटलं, आपली थट्टा चाललीय. पोपला मात्र कळलं, आणि काम जॉट्टोला मिळालं. ही गोष्ट चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५५० च्या आपल्या ग्रंथात लिहिली, जॉट्टो जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाल्यावर. त्यामुळे तिच्यावर विश्वास किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा. पण मनगट स्थिर ठेवण्याची युक्ती खरी आहे, करून बघा. मनगटाने काढलेला मोठा गोल हमखास अंड्यासारखा होतो. खांद्यापासून हात फिरवला की सुधारतो.

निळा गोल की लाल गोल?

परत कांदिन्स्की. १९२२ मध्ये तो जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवायला लागला. तिथे त्याने एक प्रश्नपत्रिका वाटली: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ असे तीन कोरे आकार, आणि पिवळा, लाल, निळा हे तीन रंग. कोणाला कोणता शोभतो ते भरा. कौल मिळाला तो असा: त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं. स्वतः कांदिन्स्कीचं मतही हेच होतं, आणि विद्यार्थी मास्तरांच्या वर्गात बसलेले होते, हेही लक्षात घ्या. हीच प्रश्नपत्रिका आपल्याकडे हळदीकुंकवाला वाटली असती तर वर्तुळ लाल ठरायला दोन मिनिटंही लागली नसती.

निळ्या गोलाचा हट्ट त्याने १९२६ च्या ‘अनेक वर्तुळे’ या चित्रात पुरवून घेतला. साधारण १४० सेंटीमीटरचा चौरस, काळोखी पार्श्वभूमी, एक थोरला निळा गोल आणि भोवती लहानमोठे तरंगणारे गोल. दोन गोल एकमेकांवर येतात तिथे तिसराच रंग दिसतो, जणू रंगीत काचा एकावर एक सरकवल्यात. कॅनव्हासवर काच नाही, तेलरंग आहे. चित्रकाराने तो प्रत्येक तुकडा कुठल्या रंगाचा असायला हवा हे ठरवून रंगवलाय.

तक्रार काळ्या दोऱ्याची

रंगीत कड्यांच्या या सगळ्या खटाटोपामागे एक रसायनशास्त्रज्ञ आहे, आणि त्याच्यामागे गिऱ्हाइकाची कटकट. मिशेल यूजीन शेव्हरल हे पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचे-पडदे कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा नाही. त्यांनी धागा तपासला. धागा ठणठणीत काळा. मग लक्षात आलं की दोष त्याच्या शेजाऱ्यांचा आहे! निळ्या-जांभळ्यांच्या सोबतीला बसवलेला काळा फिका पडतो. यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, बहात्तर भागांचं एक रंगवर्तुळही रचलं. शेजारचा रंग आपला रंग बदलतो, हे चित्रकारांनी त्यांच्याकडून घेतलं. शेव्हरल स्वतः १०२ वर्षं जगले. १८८९ मध्ये आयफेल टॉवर पुरा झाला, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात गेले.

घरी करायचा प्रयोग: एकाच करड्या कागदातून दोन गोल कापा. एक लालभडक कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यागार. लालवरचा करडा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा तांबूस. दोघांना उचलून शेजारी ठेवलं की पुन्हा जुळे.

हे ज्ञान सगळ्यांत धमाल वापरलं ते रॉबेर आणि सोनिया देलोने या जोडप्याने. रॉबेरने १९१३ मध्ये कॅनव्हासच गोल केला: १३४ सेंटीमीटरची थाळी, चार पाव भाग, एकात एक सात पट्टे, बस्स. ना सूर्य, ना चंद्र, ना चाक. सोनियाची तऱ्हा निराळी. पॅरिसमध्ये तेव्हा रस्त्यांवर विजेचे दिवे नवे होते. बूलव्हार सँ-मिशेलवरच्या त्या दिव्यांभोवतीची तेजोवलयं बघून तिने १९१४ मध्ये ‘विजेचे लोलक’ रंगवलं, अडीच मीटर बाय अडीच मीटर. रॉबेरच्या थाळीपेक्षा मला हे जास्त आवडतं. त्यात कडी तुटतात, एकमेकांत शिरतात, रंग धक्काबुक्की करतात. तिच्या अमूर्ताची सुरुवात कॅनव्हासवर झालीही नव्हती. १९११ मध्ये तिने आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक वाकळ शिवली होती, युक्रेनच्या खेड्यांतल्या घरांत असते तशी. ती वाकळ आज संग्रहालयात आहे. आणि १९६४ मध्ये लूव्रमध्ये मोठं प्रदर्शन झालेली पहिली हयात स्त्री चित्रकार हीच.

आधी कोण?

‘पहिलं अमूर्त चित्र माझंच’ असं कांदिन्स्की म्हणत राहिला. तिकडे स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट नावाच्या बाईंनी १९०७ मध्येच दहा अवाढव्य चित्रं उरकली होती. प्रत्येक तीन मीटरहून उंच, कागदावर टेंपेरा रंगात. वलयं, पाकळ्या, भोवरे, गुलाबी-नारिंगी-निळ्या रंगांची उधळण. बालपण ते म्हातारपण हा विषय. एवढा कागद उभा कुठे धरणार? म्हणून जमिनीवर अंथरून रंगवला. दहाही चित्रं दोन महिन्यांच्या आत पुरी! मग बाईंनी सांगून ठेवलं की मी गेल्यावर वीस वर्षं ही कामं कोणाला दाखवू नका. १९४४ मध्ये त्या गेल्या. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा सहा लाखांवर माणसं आली, त्या संग्रहालयाच्या इतिहासातला विक्रम. गुगेनहाइमची इमारतही गोल गोल चढत जाणारी आहे, त्यामुळे चित्रं आणि भिंती यांचं छान जमलं असणार. ‘अनेक वर्तुळे’सुद्धा तिथेच आहे.

निवृत्तीनंतरची इनिंग

आल्मा थॉमस यांची गोष्ट मी कोणालाही सांगतो. वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी शाळेत पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली. १९६० मध्ये निवृत्त झाल्या, वय साठीच्या घरात जाऊन सत्तरीकडे झुकलेलं, सांधे दुखणारे. आणि तिथून पुढे त्यांनी आपली खरी शैली शोधली. खिडकीबाहेरच्या झाडाच्या पानांतून उन्हाचे जे कवडसे यायचे, ते त्यांना पुरले.

त्यांच्या वर्तुळांत सलग पट्टा नसतो. ब्रशचा एक आखूड ठसा, मग फट, मग दुसरा ठसा, असं करत एक कडं पुरं होतं. मग त्याच्या बाहेर दुसऱ्या रंगाचं. फटींतून पांढरा कॅनव्हास लुकलुकतो, आणि खरा चमत्कार तोच. रंग एकमेकांना खेटून बसले असते तर मळकट झाले असते. फटींमुळे प्रत्येक ठशाला श्वास घ्यायला जागा मिळते आणि अख्खं चित्र थरथरतं. नीट पाहिलं तर पेन्सिलीच्या आखणीच्या रेषाही दिसतात, बाईंनी त्या खोडल्या नाहीत. १९६६ चं ‘पुनरुत्थान’ हे त्यांचं चित्र याच जातीचं. ओबामांच्या काळात ते व्हाइट हाउसच्या कायम संग्रहात गेलं. त्या संग्रहातली कृष्णवर्णीय स्त्रीची ती पहिली कलाकृती.

ब्रशच नको

त्याच वॉशिंग्टनमध्ये केनेथ नोलंड. १९५३ मध्ये तो मित्र मॉरिस लुईसबरोबर न्यूयॉर्कला हेलन फ्रँकेंथेलरच्या स्टुडिओत गेला. तिने आदल्या वर्षी, तेविसाव्या वर्षी, एक भलतंच काम केलं होतं: कॅनव्हासला अस्तर न देता तेलरंग टर्पेंटाइनने पातळ करून त्यावर ओतला होता. रंग वर बसला नाही, आत शिरला. पांढऱ्या धोतरावर चहा सांडावा तसा. दोघं मित्र परतले आणि त्यांनी आपापली जुनी पद्धत गुंडाळून ठेवली.

नोलंडने १९५८ च्या सुमारास नेमबाजीच्या पाट्यांसारखी वर्तुळं सुरू केली. कॅनव्हास आडवा, बुटक्या घोड्यांवर टाकलेला. स्वतः भोवती फिरत रंगवायचा. यामुळे चित्राला वरची बाजू-खालची बाजू राहिली नाही. आतली कडी शांत, कडेला नेटकी. सगळ्यात बाहेरचं कडं मात्र बऱ्याचदा फिस्कटलेलं, ओरखड्यासारखं, जणू चाक अजून फिरतंय. ब्रशचा हात त्याने तेवढ्याच जागी दिसू दिला. नंतरच्या चित्रांत तेही कडं नेटकं झालं, आणि माझा रस तिथे थोडा कमी होतो.

जॅस्पर जॉन्सने १९५५ मध्ये पाटीच रंगवली, पण नेमका उलटा मार्ग घेतला. वितळवलेल्या मेणात रंग कालवायचा, वर्तमानपत्राचे तुकडे त्यात बुडवून चिकटवायचे. मेण क्षणात घट्ट होतं, म्हणून पुढचा फटकारा आधीच्यात मिसळत नाही. प्रत्येक ओघळ, प्रत्येक थांबा जसाच्या तसा गोठलेला.

तिसरा मार्ग जपानहून अमेरिकेत आलेल्या तादास्कीचा. शिंतो मंदिरं बांधणाऱ्या सुतारांच्या घरातला हा माणूस. त्याने फिरतं चाकच बनवलं. कॅनव्हास चाकावर, वर आडवी फळी, फळीवर हा बसलेला. ब्रश स्थिर धरायचा आणि कॅनव्हास फिरवायचा! केसाएवढी बारीक कडी एकापाठोपाठ एक. १९६५ च्या न्यूयॉर्कमधल्या डोळे गरगरवणाऱ्या चित्रांच्या गाजलेल्या प्रदर्शनात तोही होता. कुंभाराला यात नवल वाटणार नाही.

एका श्वासात, म्हणे

जपानी झेन परंपरेतला ‘एन्सो’ म्हणजे काळ्या शाईचा एक गोल: एक श्वास, एक फटकारा, दुरुस्ती बंद. सुरुवातीला ब्रश ओथंबलेला, शेवटी सुकत आलेला, म्हणून शेपटीकडे केसांच्या रेघा उमटतात आणि मधून कागद दिसतो. शाई कुठे संपत आली हे कळतं, म्हणजे हात किती वेगाने गेला हेही कळतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले सेंगाई नावाचे मिश्कील भिक्षू. त्यांनी एका एन्सोशेजारी लिहून ठेवलं की हे खा आणि वर चहा घ्या. गोलाकडे बघून निर्वाणाच्या गप्पा मारणाऱ्यांना त्यांनी सरळ मिठाई दाखवली.

आता जिरो योशिहारा. खाद्यतेलाच्या घराण्याच्या कारखान्याचे मालक आणि १९५४ मध्ये ‘गुताई’ हा जपानमधला सगळ्यात बंडखोर कलाकार-गट काढणारे पुढारी. गटातली मंडळी चिखलात लोळायची, कागद फाडत धावायची, दोराला लोंबकळून पायाने रंगवायची. आणि साठच्या दशकात स्वतः पुढारी काय करत बसले? गोल. काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा, एक मोठा गोल. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय झपाट्यातला एन्सो! प्रत्यक्षात ते त्याची कड लहान लहान फटकाऱ्यांनी सावकाश घडवायचे, भोवतालची जमीनही रंगवत, सुधारत. झपाट्याचा तो देखावा संथपणे बांधलेला होता. १९७२ मध्ये जाईपर्यंत हा गोल त्यांनी सोडला नाही.

मास्तरांचा ठिपका

आपल्याकडचा गोल म्हणजे सय्यद हैदर रझा. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात, १९२२ चा जन्म. ककैयाच्या शाळेत पोराचं लक्ष काही केल्या लागेना. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. ही आठवण रझा आयुष्यभर सांगत आले. ठिपका मात्र लगेच उगवला नाही. कॅनव्हासवर यायला त्याने जवळजवळ पन्नास वर्षं घेतली.

मधे बरंच घडलं. नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, मग मुंबईचं जे. जे. १९४७ मध्ये साळगावचे सोझा, पंढरपूरला जन्मलेले हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत ‘प्रोग्रेसिव्ह’ गट. १९४८ मध्ये काश्मीरला गेले तेव्हा फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. ते म्हणाले, तुझ्या चित्रांत रंग आहे, पण बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं बघ. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिस. तिथली सुरुवातीची चित्रं तेलरंगाच्या जाड थरांची. घरं, चर्च, टेकड्या, रंग लोण्यासारखा थापलेला नव्हे, खणून काढलेला वाटावा असा. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात शिकवायला गेले, अमेरिकन चित्रकार पाहिले आणि अ‍ॅक्रिलिककडे वळले. हा बदल साधा नाही. तेलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून फटकारे एकमेकांत विरघळवता येतात. अ‍ॅक्रिलिक मिनिटांत सुकतो. शेजारी-शेजारी स्वच्छ पट्टे हवे असतील तर तो सोयीचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिंदू आला आणि मग हललाच नाही. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा, ही पंचतत्त्वांची शिदोरी. रझांचं म्हणणं असं की सगळे रंग काळ्यातून जन्मतात. छापील प्रतीत त्यांचा बिंदू सपाट काळी चकती दिसतो. समोर उभं राहिलं की त्यात काळ्याच्या चार-पाच तऱ्हा असतात, कडेकडे करड्या होत जाणाऱ्या कड्यांच्या, आणि त्या कडेला ब्रशचे केस दिसतात. उगाच नव्हे तो खोल वाटतो. शेवटच्या वर्षांत ते बिंदू फार काढायला लागले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच सवयीचे आहेत. ऐंशीच्या दशकातल्या बिंदूंना मात्र तोड नाही. १९८३ चं ‘सौराष्ट्र’, दोन मीटर बाय दोन मीटर, २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटींच्या वर गेलं. २०२३ मध्ये ‘जेस्टेशन’ मुंबईत ५१.७५ कोटींना. मास्तरांना खडूचे किती पैसे पडले असतील?

रझा २०१६ मध्ये दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांशेजारी त्यांचं दफन झालं.

वासुदेव गायतोंडे यांना वर्तुळांचे चित्रकार म्हणणं बरोबर नाही, पण त्यांच्या कॅनव्हासवर धुक्यातून वर येणारी चकती अधूनमधून भेटते. गोव्याचं घराणं, नागपूरचा जन्म, गिरगावात वाढलेले, जे. जे.चे. त्यांनी ब्रश जवळपास बाजूलाच ठेवला. रोलरने रंग पसरवायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाचे फाटके तुकडे लावून रंग चढवायचा-उतरवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यात वस्तूच नाही, एवढंच ते सांगत. २०१४ मध्ये त्यांचंही प्रदर्शन झालं ते त्याच गोल गुगेनहाइममध्ये.

हात गायब

डेमियन हर्स्टचे रंगीत ठिपके म्हणजे या सगळ्याचं दुसरं टोक. घराच्या दारं-खिडक्यांना देतात तो चकचकीत ऑइलपेंट. ठिपका जेवढा, फट तेवढीच. एका चित्रात कोणताही रंग शक्यतो पुन्हा नाही. बहुतेक चित्रं रंगवली सहाय्यकांनी. ब्रशची खूण दिसली तर काम बिघडलं. २०१२ मध्ये एकाच गॅलरीच्या जगभरातल्या अकराच्या अकरा शाखांत एकाच वेळी हेच ठिपके टांगले होते. अकरापैकी एक बघून भागतं.

आणि रंग खरोखर काय करू शकतो हे पाहायचं तर मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. त्यांच्या १९९२ च्या ‘अधोलोकात उतरण’ या कामात खोलीच्या जमिनीवर एक काळा गोल दिसतो, अगदी सपाट, रंगवल्यासारखा. तो रंगवलेला आहेच, पण आतून: सुमारे अडीच मीटर खोल खड्डा, भिंतींना असं गडद रंगद्रव्य की उजेड परत येत नाही आणि डोळ्याला खोली कळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात एक साठीचे इटालियन गृहस्थ त्यात पडले. खड्डा आहे की नुसता रंग, अशी शंका आली असेल तर ती फिटली. त्यांना रुग्णालयात नेलं, आणि बरे होऊन ते घरी गेले. धोक्याच्या पाट्या लावलेल्या होत्या, आणि खोलीत पहारेकरीही होता.